उभे, पहिली रांग, डावीकडून

शाळेच्या ऑफिसातले जुने कपाट उघडले की स्नेहसंमेलनातली नाटके निघतात, बक्षीस समारंभ निघतात, कवायतीचे, सहलीचे, नव्या इमारतीच्या पायाभरणीचे फोटो निघतात. सगळ्यांत जास्त निघतात ते ग्रुप फोटो. त्यांची मांडणी शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. मधोमध खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि शिक्षक, त्यांच्या पुढ्यात सतरंजीवर मांडी घालून बसलेली लहान चणीची मुले, मागे उभी असलेली एक रांग आणि तिच्या मागे बाकांवर चढलेली दुसरी. एका टोकाला, खुर्च्यांपासून किंचित अंतर सोडून, शाळेचा शिपाई. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का, आणि नशीब चांगले असेल तर खाली बारीक अक्षरांत नावांच्या ओळी: खुर्चीवर बसलेले, उभे पहिली रांग, उभे दुसरी रांग, डावीकडून उजवीकडे.

नशिबाचा भाग यात खरोखरच मोठा आहे. पुठ्ठा आधी कडेने ठिसूळ होतो, कसर आणि वाळवी कडेनेच शिरते, नवी चौकट करताना फोटो बसवण्यासाठी कडाच कापल्या जातात. आणि नावे नेमकी कडेला असतात. चेहरे शाबूत राहतात आणि नावे जातात. त्यानंतर त्या पन्नास-साठ चेहऱ्यांची ओळख काही माणसांच्या आठवणीतच उरते. १९५५ साली सोळाव्या वर्षी एस.एस.सी. झालेला मुलगा आज पंचाऐंशी ओलांडून गेला आहे. त्याच्या वर्गाचा फोटो आणखी शंभर वर्षे टिकवता येईल. तो फोटो कोणाचा आहे हे विचारायला मात्र फार थोडी वर्षे हाताशी आहेत. म्हणून शाळेच्या फोटोसंग्रहाचे काम हाती घेणाऱ्याने चौकटी, प्रदर्शन, स्मरणिका यांच्या आधी नोंदीचे काम हाती घ्यावे. त्या नोंदीबद्दल माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: फोटोखाली आपण जे नाव, जे साल लिहितो ते कुठून आले, हेही तिथेच लिहिलेले असले पाहिजे.

हा आग्रह का, ते एका प्रसिद्ध फोटोवरून स्पष्ट होईल. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी-शेजारी बसल्या आहेत. डावीकडे आनंदीबाई जोशी, मध्ये जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या साबात इस्लामबूली. फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा आहे आणि आज तो तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मराठी घरांत आनंदीबाईंची जी काही चित्रे ओळखीची आहेत, त्यांतले हे एक. फोटोखाली इंग्रजीत तिघींची नावे आणि गावे छापलेली आहेत. नावे आहेत, क्रम आहे, देश आहेत. आता आणखी काय हवे, असे कोणालाही वाटेल.

तरीही ती ओळ नीट वाचावी. तिघींच्याही नावामागे ‘डॉ.’ आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, म्हणजे फोटोनंतर पाच महिन्यांनी. ओकामी १८८९ मध्ये डॉक्टर झाल्या, इस्लामबूली १८९० मध्ये. तिघींना एकत्र डॉक्टर म्हणणारी ओळ १८९० च्या आधी लिहिली गेली असणे कठीण आहे. तोपर्यंत आनंदीबाईंना जाऊन तीन वर्षे झाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या. आता गाव पाहा. आनंदीबाईंच्या नावापुढे ‘सेरानिसोर’ असे काहीतरी छापले आहे. या नावाचे गाव नाही. ते बंगालमधले सेरामपूर. आनंदीबाई अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांचे पती गोपाळराव जोशी तिथे पोस्टात नोकरीला होते. हस्ताक्षर वाचताना अक्षरे चुकली असणार. सेरामपूर हा त्यांचा त्या वेळचा पत्ता झाला, माहेर कल्याणचे. तिसऱ्या विद्यार्थिनीचे नाव या ओळीत ‘ताबात’ आहे, इतरत्र ‘साबात’. एका ओळीत इतक्या गोष्टी दडलेल्या आहेत, आणि ही ओळ जगातल्या एका नीट सांभाळलेल्या संग्रहातली आहे.

यावरून ती ओळ निरुपयोगी ठरत नाही. उलट ती फार मोलाची आहे, कारण पुढच्या संशोधकाला तिनेच वाट दाखवली. पण ती फोटोइतकी जुनी नाही, हे कळल्याशिवाय तिचा नीट उपयोग करता येत नाही. फोटोचे वय आणि फोटोवरच्या लिखाणाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळांच्या संग्रहांत हा प्रकार पावलोपावली भेटतो. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी कोणीतरी उत्साहाने जुन्या फोटोंमागे साल आणि नावे लिहून काढतो; तीस-चाळीस वर्षांनंतरची ती आठवण पुढच्या पिढीला मूळ नोंद वाटू लागते. आणखी एक पायरी पुढची: महोत्सवासाठी जुन्या फोटोचाच फोटो काढून मोठी प्रत केली जाते, जुनी प्रत हरवते, आणि १९०५ च्या मुलांचा फोटो १९६० च्या कागदावर उरतो. अशा वेळी नोंदीत दोन साले हवीत, चित्राचे आणि कागदाचे.

म्हणून प्रत्येक फोटोच्या नोंदीत माहितीचे तीन थर वेगळे ठेवावेत. पहिला थर फोटोवर, पुठ्ठ्यावर किंवा मागे जे लिहिले आहे त्याचा: ते जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, चुकांसह, दुरुस्त न करता. दुसरा थर माणसांनी सांगितलेल्या माहितीचा: कोणी सांगितले, त्यांचा शाळेशी संबंध काय, कोणत्या तारखेला सांगितले. तिसरा थर आपण स्वतः तर्काने काढलेल्या माहितीचा: काय काढले आणि कशावरून. अभिलेखागारांत, नोंद करणाऱ्याने पदरचे घातलेले शब्द चौकोनी कंसात लिहिण्याची पद्धत आहे. ती आपणही पाळावी. ‘[इंग्रजी सहावीचा वर्ग, सु. १९३५]’ असे लिहिले की वाचणाऱ्याला लगेच समजते की हे फोटोवर लिहिलेले नाही. ‘सु.’ म्हणजे सुमारे. आणि ‘सुमारे’पेक्षा ‘१९३४ ते १९३६ च्या दरम्यान’ असे सांगता आले तर ते केव्हाही चांगले.

नोंदीची सुरुवात क्रमांकाने होते. ग्रंथालयात पुस्तकाला दाखल क्रमांक देतात तसा फोटोला द्यायचा: एक, दोन, तीन असा सरळ चढता. क्रमांकात साल, इयत्ता, तुकडी गुंफण्याचा मोह होतो आणि पहिल्या महिन्यात ते सोयीचे वाटते. नंतर साल चुकल्याचे लक्षात येते आणि क्रमांकच खोटे बोलू लागतो. क्रमांकाला अर्थ नसलेलाच बरा. अर्थ नोंदीत असू द्यावा. फोटो ज्या पेटीत, ज्या लिफाफ्यात, ज्या इतर फोटोंसोबत सापडले, तेही लिहून ठेवावे. एकाच लिफाफ्यातले सात फोटो बहुधा एकाच कार्यक्रमाचे असतात, आणि विषयवार गठ्ठे करण्याच्या घाईत हा धागा तुटला की तो परत जुळत नाही.

मग स्कॅन. इथे आकड्यांना महत्त्व आहे. दहा बाय बारा इंचांच्या ग्रुप फोटोत साठ मुले असतील तर एकेक चेहरा जेमतेम सेंटिमीटरभर असतो. एका इंचात ३०० बिंदू घेतले तर त्या चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत सुमारे ११८ बिंदू येतात. ६०० घेतले तर २३६. गावाकडच्या आजोबांना पडद्यावर चेहरा मोठा करून दाखवायचा असेल तर दुसरा आकडाच उपयोगी पडतो. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात ठेवावा आणि रोजच्या वापरासाठी त्यावरून जेपेग करावी. पुठ्ठ्यासह पूर्ण फोटो स्कॅन करावा आणि मागची बाजूही, ती कोरी दिसली तरी. मागे पेन्सिलीने लिहिलेला स्टुडिओचा ऑर्डर क्रमांक, दुकानाचा शिक्का किंवा मोडीतल्या दोन ओळी कित्येकदा स्कॅनमध्येच पहिल्यांदा नीट दिसतात.

आता सालाचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या शाळांच्या फोटोंमध्ये सर्वांत मोठी फसगत इयत्तेच्या आकड्याने होते. पुढे बसलेल्या मुलाच्या हातात पाटी असते आणि पाटीवर खडूने ‘स्टँडर्ड सिक्स’ लिहिलेले असते. आजचा वाचक अकरा-बारा वर्षांची मुले शोधतो आणि त्याला मिसरूड फुटलेली मुले दिसतात. कारण साधे आहे. मराठी चार इयत्ता झाल्यावर मूल इंग्रजी शाळेत जाई आणि तिथे पुन्हा पहिलीपासून मोजणी सुरू होई. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. त्यामुळे हायस्कूलच्या पाटीवरची सहावी ही आजची दहावी होते. पण तीच पाटी मराठी शाळेच्या फोटोत असेल तर ती खरोखरची सहावी. मराठी शाळा सातवीपर्यंत चालत आणि शेवटी ‘फायनल’ची परीक्षा असे. नोंदीत ‘सहावी’ एवढेच लिहिले तर चार वर्षांचा फरक कायमचा गाडला जातो. पाटीवर आहे तसे आधी उतरवावे आणि कंसात आजची इयत्ता द्यावी. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली तेव्हा तीही अकरावीची परीक्षा होती. दहावीची पहिली एस.एस.सी. १९७५ मध्ये झाली. त्याआधीच्या फोटोखाली ‘एस.एस.सी.चा वर्ग’ असेल तर ती अकरावीची मुले आहेत, हे आज पन्नाशीच्या आतल्या कोणाला सहसा सुचत नाही.

सालगणनेचाही असाच घोटाळा असतो. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या पुठ्ठ्यावर शके असेल तर ७८ मिळवावे, आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यानचा कार्यक्रम असेल तर ७९. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथल्या शाळांच्या कागदपत्रांवर फसली सन भेटतो. हैदराबादच्या फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येते: १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. फसली सनाची माहिती नसलेल्या माणसाला तो हिजरी वाटू शकतो, आणि मग फोटो एकदम नऊ-दहा वर्षांनी मागे ढकलला जातो. शिवाय शाळेचे वर्ष दोन इसवी सनांत पसरलेले असते. पुठ्ठ्यावर ‘१९३४-३५’ असेल आणि फोटो निरोप समारंभाचा असेल तर तो बहुधा १९३५ च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतला.

साल कुठेच नसेल तेव्हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा पुरावा खुर्च्यांवरच्या रांगेत बसलेला असतो. मुले दरवर्षी बदलतात, शिक्षक वीस-वीस वर्षे राहतात, आणि त्यांच्या येण्या-जाण्याच्या तारखा शाळेच्या दप्तरात असतात. बहुतेक शाळांच्या ऑफिसात मुख्याध्यापकांच्या नावांचा आणि कारकिर्दीचा फलक असतोच. समजा, मध्ये बसलेले मुख्याध्यापक १९३१ ते १९३८ होते, टोकाचे चित्रकला शिक्षक जून १९३४ मध्ये लागले आणि त्यांच्या शेजारचे संस्कृतचे शिक्षक १९३६ मध्ये निवृत्त झाले. तिघे एकाच फोटोत आहेत. म्हणजे फोटो १९३४ ते १९३६ चा. अशी आणखी दोन नावे मिळाली तर वर्ष नक्की होते. यासाठी शिक्षकांची एक वेगळी यादी आधी तयार करावी: नाव, विषय, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. आठवडाभराचे काम आहे, पण ते झाले की शेकडो फोटो आपोआप आपापल्या जागी बसू लागतात.

मागची भिंत बोलते ती त्याखालोखाल. इमारतीच्या कोनशिलेवर साल असते. नवा जिना, नवी कमान फोटोत दिसत असेल तर फोटो त्यानंतरचा. व्हरांड्यात सहाव्या जॉर्जची तसबीर असेल तर डिसेंबर १९३६ च्या आधीचा फोटो नाही. कपड्यांवर मात्र मी फार भिस्त ठेवणार नाही. पगड्या आणि फेटे जाऊन काळ्या गोल टोप्या येणे, १९२० नंतर पांढरी गांधी टोपी दिसू लागणे, मग उघडी डोकी. परकर-पोलके आणि साडी जाऊन गणवेश येणे, हा क्रम ढोबळपणे खरा आहे. पण नवी रीत पुण्याच्या शाळेत आली म्हणून त्याच वर्षी तालुक्याच्या गावी आली असे होत नाही, आणि थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगावर किती वर्षे असे हे कोण सांगणार! कपड्यांवरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढे म्हणावे. ‘याच्या नंतरचा नाही’ असे म्हणू नये.

कागद हा तिसरा साक्षीदार. एकोणिसाव्या शतकातला फोटो बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर असतो. तो पिवळट-तपकिरी पडतो, आणि कागद इतका पातळ की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय सरळ राहत नाही. १८९० च्या दशकापासून जिलेटिनचा थर असलेले ब्रोमाइड कागद रूढ होऊ लागले. त्यांतल्या काळ्या भागांवर, विशेषतः कडेला, तिरप्या उजेडात चांदीसारखी निळसर चकाकी दिसते. प्लॅस्टिकचा लेप दिलेले कागद १९७० च्या आसपास रूढ झाले. म्हणजे विजारी-टोप्यांतली मुले प्लॅस्टिकच्या लेपाच्या कागदावर दिसली की ती नंतरची प्रत आहे हे नक्की समजावे.

कधी कधी फोटो उलटाच छापलेला असतो. काचेच्या निगेटिव्हची बाजू चुकली की उजवे डावे होते, आणि मग पुठ्ठ्यावरची ‘डावीकडून उजवीकडे’ ही सगळी नावे उलट्या माणसांना चिकटतात. पाटीवरची अक्षरे, मागचा फलक, शर्टाचा खिसा पाहून हे तपासावे. नावांच्या ओळी आणि चेहऱ्यांची संख्या जुळते का, हेही मोजावे. बऱ्याचदा जुळत नाही. गैरहजर मुलाचे नाव वर्गातला म्हणून छापलेले असते, किंवा ‘पहिली रांग’ पुढून मोजायची की मागून हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नसते. म्हणून आपण स्वतःची जागा-पद्धत ठरवावी: रांगा पुढून मागे, माणसे पाहणाऱ्याच्या डावीकडून. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून बाह्यरेषा काढावी आणि प्रत्येक आकृतीत आकडा घालावा (मूळ फोटोवर दाब देऊन नव्हे; छापील प्रतीवर). ‘रांग ३, जागा ७’ असे म्हटले की वाद उरत नाही.

जागा ठरली, आता नाव. इथे शाळेचे जनरल रजिस्टर हाताशी हवे. त्यात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख असते. या रजिस्टराचे मोल सांगायला साताऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात क्रमांक १९१४ समोर नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. ती नोंद कोणीतरी जपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळाप्रवेशाचा दिवस आपल्याला ठाऊक आहे आणि महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नाव ‘भीमराव’ असे शोधणाऱ्याला मात्र ती सापडणार नाही. घरचे नाव, दाखल्यावरचे नाव आणि पुढे जगाने ओळखलेले नाव ही तिन्ही आपल्याकडे वेगवेगळी असू शकतात, आणि नोंदीत तिन्हींना जागा हवी.

मुलींच्या बाबतीत तर ही अडचण फारच खोल आहे. आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. रमाबाई रानड्यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते. लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याच्या रीतीमुळे मुलींच्या शाळेतल्या १९३८ च्या फोटोतली एक मुलगी लग्नानंतर दोन्ही नावांनी वेगळी होते. तिची नात आजीला सासरच्या नावाने शोधते. रजिस्टरात ती माहेरच्या नावाने आहे. दोन्ही नोंदी कधीच भेटत नाहीत. पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ साली सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रात मुलींच्या किती वर्गांचे फोटो निघाले असतील, आणि त्यांतल्या किती जणींना त्यांच्याच घरचे लोक ओळखू शकत नसतील, याचा विचार केला की नोंदीत ‘माहेरचे नाव’ आणि ‘सासरचे नाव’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवण्याची गरज वेगळी सांगावी लागत नाही. ‘सौ. अमुक (पूर्वाश्रमीच्या तमुक)’ अशी एकाच रकान्यात कोंबलेली नोंद पुढे शोधायला निकामी ठरते. फोटोच्या वेळचे नाव आधी लिहावे. फोटोत ती शाळकरी मुलगी आहे, कोणाची सौ. नाही.

पुठ्ठ्यांवर नावे पुष्कळदा इंग्रजी आद्याक्षरांत असतात: जी. के. जोशी, व्ही. आर. कुलकर्णी. एका वर्गात तीन जोशी आणि चार कुलकर्णी असणे अगदी नेहमीचे. तेव्हा त्या वर्षीचा हजेरीपट शोधावा. तो नसेल तर जनरल रजिस्टरातून त्या दोन-तीन वर्षांत दाखल झालेले जोशी काढावेत. प्रत्येक व्यक्तीचे एक पक्के रूप ठरवून नामसूची करावी आणि बाकीची रूपे, देवनागरी आणि रोमन, त्याखाली जोडावीत. ‘जोशी’चे इंग्रजी हिज्जेही एकाहून अधिक तऱ्हांनी होतात.

कागद संपले की माणसांकडे जावे. खरे तर दोन्ही कामे बरोबरच चालावीत. या बाबतीत कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा ‘प्रोजेक्ट नेमिंग’ हा उपक्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. रिचर्ड हॅरिंग्टन या छायाचित्रकाराने १९४८ ते १९५३ या काळात आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचे फोटो काढले होते. संग्रहात ते होते, पण माणसांची नावे बहुतेक ठिकाणी नव्हती. ‘नुनावुत सिवुनिक्सावुत’ या इन्युइट तरुणांच्या शिक्षणसंस्थेच्या पुढाकाराने या शतकाच्या सुरुवातीला ते फोटो स्कॅन झाले, तरुण विद्यार्थी लॅपटॉप घेऊन दूरच्या वस्त्यांवर गेले आणि वृद्धांसमोर बसून त्यांनी एकेक नाव लिहून घेतले. नातवंडांनी आजी-आजोबांना विचारण्याची ही तऱ्हा आपल्या शाळांना सहज जमण्यासारखी आहे. नववीच्या वर्गातल्या प्रत्येकाने गावातल्या एका माजी विद्यार्थ्याला गाठले तरी एका दिवाळीच्या सुट्टीत केवढे काम होईल!

विचारताना काही गोष्टी पाळाव्यात. माजी विद्यार्थी मेळाव्यात फोटो भिंतीला लावून ‘ओळखा’ म्हटले की ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे टिकते, आणि कोपऱ्यातल्या ज्याला खरे ठाऊक असते तो गप्प बसतो. एकेकट्याला वेगळे विचारावे. मोठी छापील प्रत पुढे ठेवावी आणि पहिला प्रश्न ‘यात तुम्ही कुठे आहात?’ हा असावा. माणूस स्वतःला सापडला की शेजारचा आठवतो, मग बाकावरचा जोडीदार, मग ज्याच्याशी भांडण झाले तो. शिक्षकांची टोपणनावे आधी येतील. तीही लिहून घ्यावीत, खरे नाव मागून येते. आपण जमवलेली नावे त्यांच्यापुढे आधी वाचू नयेत, कारण सुचवलेल्या नावाला मान हलवणे फार सोपे असते. दोघांनी वेगवेगळी नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत, कोणी काय सांगितले यासह. चेहरे जुळवणारी संगणकाची साधने आता हाताशी आहेत आणि एकाच मुलाचे आठवीतले आणि दहावीतले फोटो शोधायला ती उपयोगी पडतात. पण भावंडांच्या आणि धूसर फोटोंच्या बाबतीत ती खात्रीने चुकीची नावे देतात. त्यांचे उत्तर तिसऱ्या थरात, तर्क म्हणूनच, नोंदवावे.

नंतर मिळालेल्या माहितीने आधीची नोंद चूक ठरली तर ती खोडू नये. खाली तारीख घालून नवी नोंद जोडावी. जुनी चूक कोणत्या स्मरणिकेत छापली गेली आहे आणि कुठून कुठे पसरली, हे पुढच्या माणसाला त्यावरूनच कळणार असते.

सगळेच सर्वांसमोर मांडायचे नसते, हेही ठरवावे लागते. जनरल रजिस्टरात जात आहे, जन्मतारीख आहे, कधी शाळा सोडण्याचे कारणही आहे. नाव पक्के करण्यासाठी आपण ते पाहिले म्हणून ते फोटोखाली लिहिण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि जेवत; १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. अशा वसतिगृहाच्या फोटोच्या वर्णनात ही एकत्र राहण्याची गोष्ट यायलाच हवी, ती आली नाही तर फोटोचा अर्थच हरवतो. पण ‘रांग २, जागा ५’ या मुलाची जात लिहिणे अगदी वेगळे. ते करू नये. हयात माणसांचे पत्ते आणि फोन कार्यालयीन वहीत ठेवावेत, सूचीत नाहीत.

जपणुकीचे थोडक्यात. फोटोच्या मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला, टणक आणि स्वच्छ पृष्ठभागावर पालथा ठेवून, हलक्या हाताने; बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. चिकटपट्टी, लॅमिनेशन, चिकट पानांचे अल्बम यांनी जितके फोटो मेले तितके वाळवीनेही मारले नसतील. आम्लमुक्त कागदाचा लिफाफा, त्यावर आधीच लिहिलेला क्रमांक, लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर. काचेच्या निगेटिव्ह आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर जाते आणि बुरशीला तेवढे पुष्कळ असते. पेट्या उघडण्याचे, स्कॅनचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत उरकावे. स्कॅनच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक शाळेच्या आवाराबाहेर.

आता टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडे वळू. नावांच्या ओळींत मुख्याध्यापक असतात, शिक्षक असतात, मुले असतात. शिपायाच्या जागी बहुतेक वेळा नुसते ‘शिपाई’ लिहिलेले असते, किंवा काहीच नसते. मुलींच्या शाळेत त्या जागी बाई असते, मुलींना घरून आणणारी-पोहोचवणारी, आणि तिचेही नाव नसते. फोटो पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माजी विद्यार्थ्याला मात्र तो माणूस आठवतो, कारण घंटा त्याच्या हातात होती. त्याचे नाव शोधणे अवघड नाही. शाळेची पगारपत्रके काढावीत. त्यांत प्रत्येक महिन्याला नाव आहे, रक्कम आहे आणि समोर सही किंवा अंगठा आहे. ज्या वर्षाचा फोटो, त्या वर्षाची पगारपत्रके, एवढीच जुळणी करायची आहे. पण दप्तर आवरताना रद्दीत पहिली जातात ती हीच पत्रके, कारण हिशेब तपासून झाला की त्यांचे काम संपले असे समजतात. फोटोंचे काम सुरू करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ते गठ्ठे मागून घ्यावेत, कोरड्या जागी ठेवावेत, आणि सूचीत ‘शिपाई’ या शब्दाच्या जागी त्या माणसाचे पूर्ण नाव लिहावे, ते कोणत्या महिन्याच्या पगारपत्रकावरून घेतले याच्या नोंदीसह.